म्हसवडकडं नेलेली बाग

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर विचारलं, "आजी, नावापुढं व्यवसाय काय लिहू?" मी म्हटलं, "माळीण लिहा." बिचारीला वाटलं असेल, भलत्याच म्हातारीला फोन लागला. मग मीच सांगितलं, "उभ्या जन्मात बागाच लावल्या मी. बारा फूट रुंद, नऊ फूट उंच. पाणी घालायचं नाही, उलट पाणी लागू द्यायचं नाही."

आता तुम्हालाही सांगते. जुन्या फोटो स्टुडिओत गिऱ्हाइकाच्या मागं एक रंगवलेला पडदा असे. त्यावर बाग, बागेत तळं, तळ्यात हंस, कडेला कठडा आणि फुलांची कुंडी. तुमच्या आईवडिलांच्या लग्नाचा फोटो भिंतीवरून उतरवून बघा. ते दोघं ज्या बागेत अवघडून उभे आहेत, ती बाग कुठल्याच गावात नाही. फोटो सांगलीत काढलेला असेल तर ती बहुधा आमच्या घरात झाली.

आमचे अण्णा नाटकांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, जंगल, रस्ता, असे तीन पडदे घेऊन कंपन्या गावोगाव हिंडायच्या. पुढं नाटकांना पडदे लागेनासे झाले, तेव्हा अण्णा फोटोवाल्यांकडं वळले आणि त्यांच्या मागोमाग मी.

काम असं. मादरपाटाच्या जाड सुती कापडाचे पट्टे शिवून जमिनीवर ताणायचे, खळ द्यायची, खळ वाळली की सरसात कालवलेला रंग लावायचा. तेलरंग चालत नाही, तो दिव्याखाली चकाकतो. सरसातला रंग मख्ख राहतो. त्याचा दोष एकच, ओलं बोट लागलं की रंग बोटावर येतो. हे बोट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. फोटो काळेपांढरे, तेव्हा बागही काळीपांढरीच. गुलाब राखाडी, पानं राखाडी, हंस तेवढे पांढरे. प्रत्यक्ष पडदा बघितला तर वाटायचं, कुणीतरी बागेवर चुलीतली राख उधळलीय. फोटोत मात्र तीच बाग अशी खरी दिसायची की लोक पत्ता विचारायचे.

आणि अण्णांचा एक नियम होता. "सुले, बाग काढ, बाकडं काढ, पाहिजे तर मोर काढ. माणूस काढायचा नाही. माणूस म्हणजे गिऱ्हाईक. तो पडद्याच्या पुढं उभा राहणार. त्याच्या मागं दुसरा माणूस कशाला?"

हा नियम मी मोडला. त्यापायी एक ठरलेलं लग्न मोडलं. मग माझ्याच तोंडानं मी ते पुन्हा जोडून दिलं. यातलं कुठलं पाप मोठं, याचा हिशोब माझा अजून लागलेला नाही.

त्या वेळची मी, म्हणजे बाविशीची सुलभा, हिला आज मी दारात उभी केली नसती. कोल्हापूरला चित्रकलेचं एक वर्ष करून आली होती आणि दुसरं वर्ष बाकी आहे हे सोयीस्करपणे विसरली होती. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, केसांत पेन्सिल. दिसेल त्यावर सही करायची. आईनं वाण्याची यादी लिहायला सांगितली, तर खोबरेल तेलाच्या खाली झोकात 'सुलभा' आणि त्याखाली तिरकी रेघ. वाण्यानं विचारलं, "ही सुलभा किती द्यायची?"

या बाईसाहेबांच्या हाती एक कॅलेंडर लागलं. परदेशी, जाड कागदाचं, बारा पानांवर बारा जगप्रसिद्ध चित्रं, आणि सगळी शहरांतल्या बागांची. एका पानावर नदीकाठच्या बागेत छत्र्या घेतलेल्या बायका, सगळं चित्र ठिपक्यांनी काढलेलं. एकावर झाडांखाली खुर्च्या टाकून बसलेली गर्दी, पुरुषांच्या डोक्यावर उंच काळ्या टोप्या. एका बागेत बर्फ, लोक त्यावरून घसरताहेत आणि पडल्याचं कुणालाच वाईट वाटत नाहीये. मी ते कॅलेंडर उशाशी घेऊन झोपायची. सांगलीत बाग म्हणजे आमराई, तिथं आंब्याखाली जोडपी बसतात आणि वॉचमन शिट्टी मारतो. हे असलं काही मी पाहिलं नव्हतं.

पहिल्यांदा मी ठिपक्यांचा पडदा करायला घेतला. सकाळपासून दुपारपर्यंत ठिपके. अण्णा जेवायला आले, पडद्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बागंला देवी आल्यात का?"

तो पडदा पुसला. मग दुसरं पान घेतलं, उंच टोप्यांचं. मोठी झाडं, मोकळी वाट, डावीकडं बाकडं, आणि उजवीकडं एक टोपीवाला. कोट, काठी, आणि कमरेवर हात ठेवल्यामुळं बाहेर आलेलं कोपर. अण्णा म्हणाले, "हा कोण?" मी म्हणाले, "मूळ चित्रात आहे. एवढ्या मोठ्या चित्रकारानं काढलाय, मी कोण गाळणारी?" अण्णा गप्प बसले. ते वादात हरले की गप्प बसायचे आणि जिंकणार असले तरी गप्पच बसायचे.

(मागच्या वर्षी नातीनं ते मूळ चित्र मोबाईलवर काढून दाखवलं. मी टोपीवाला शोधत बसले. शेवटी सापडला. पार मागं, झाडाच्या बुंध्याला टेकलेला, शेंगदाण्याएवढा. तो पुढं आणून साडेपाच फुटांचा मी केला होता. नात म्हणाली, "आजी, ही तर चीटिंग आहे." मी म्हटलं, "होय गं बाई. पण कोपर बघ किती सुरेख काढलंय.")

पडदा गेला बाबूरावांच्या स्टुडिओत. बाबूराव म्हणजे मोठा सज्जन फोटोवाला, आणि त्याची खोली छोटी. मोठ्या स्टुडिओत गिऱ्हाईक पडद्यापासून लांब उभं करतात, त्यामुळं मागचं धूसर होतं. बाबूरावांकडं गिऱ्हाईक मागं सरकलं की पडद्यालाच टेकायचं. त्यामुळं माझं एकेक पान लख्ख दिसायचं. मी खूश, बाबूराव खूश.

गिऱ्हाइकं मात्र आपापल्या परीनं कलासमीक्षक होती. एक पैलवान आले, गदा घेऊन. फोटो काढला तर पैलवान आणि गदा सोडून बागेचं एक पान दिसेना. ते म्हणाले, "बाग चांगली हाय." एक हळदीचे व्यापारी म्हणाले, "त्या झाडाला आमच्या दुकानाची पाटी लावा की." तासगावकडच्या एक म्हाताऱ्या बाई बराच वेळ पडद्याकडं बघत बसल्या आणि म्हणाल्या, "ह्या बागंत शेंगा इकत न्हाईत व्हय? मग माणसं येत्यात कशाला?" मी मनात हसले. घरी येऊन कॅलेंडर उघडलं. बाराच्या बारा पानांवर एकही माणूस काही खात नव्हता. सगळे एकाच चुकलेल्या गाडीची वाट बघत बसल्यासारखे. जगातल्या एवढ्या मोठ्या चित्रकारांना जे कळलं नाही, ते बाईंना कळलं होतं, पण तेव्हा हे मान्य करायला माझ्या झब्ब्यानं परवानगी दिली नाही.

मग शालनचा फोटो आला.

शालन वाळव्याकडची. घरी ऊस, भाऊ फौजेत. तिच्यासाठी माण तालुक्यातलं, म्हसवडच्या अलीकडच्या गावातलं स्थळ आलं होतं. मुलगाही फौजेतला, धनाजी, सुट्टीवर आलेला. मुलगी पसंत होती, बैठक ठरली होती, पाहुण्यांना दाखवायला फोटो तेवढा मागितला होता. तिचे वडील, तात्या, तिला घेऊन सांगलीला आले आणि बाबूरावांकडं फोटो काढून गेले. मी त्या दिवशी तिथं नव्हते. हेही लक्षात ठेवा.

आठ दिवसांनी तात्या एकटेच... नाही, शालनला घेऊनच परत आले आणि फोटो टेबलावर आपटला.

"आवं फोटोवालं, ह्यो कोन?"

बाबूरावांनी चष्मा लावला. "कोण?"

"ह्यो टोपीवाला! माझ्या पोरीनं ज्येच्या हातात हात घातलाय त्यो!"

बाबूरावांनी मला बोलावून घेतलं. मी फोटो पाहिला. शालन नऊवारीत, मान खाली. आणि नेमकी तिच्या खांद्याला लागून माझ्या टोपीवाल्याचं कोपर. बाईनं साहेबाच्या काखेत हात घालावा, तसं. स्थळाकडचा निरोप असा होता की पोरीचे शहरात बरेच फोटो निघालेले दिसतात, आम्हाला हे जमायचं नाही.

आता खरं सांगते. त्या क्षणी माझ्या डोक्यात शालनचा विचार पहिला आला नाही. पहिला विचार आला तो असा, की माझ्या चित्राला लोक जिवंत माणूस समजले! मला टाळ्या ऐकू येत होत्या. तात्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी आतून मिरवत होते.

शालन कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. मी जवळ गेले तशी हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की बाई. मोडलं तर मोडलं. माझी काय हरकत न्हाई."

दहा वर्षांच्या पोरालाही कळलं असतं. मला वाटलं, केवढा हा त्याग! मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "घाबरू नकोस. कलेनं घडलंय, कलाच निस्तरेल." असली वाक्यं मी तेव्हा बोलायची. ती माझ्याकडं बघत राहिली. त्या नजरेला मी कृतज्ञता समजले.

दुसऱ्या दिवशी मी, तात्या आणि पडदा, असे विट्यावरून म्हसवडकडं निघालो. पडद्याची घडी घालायची नसते, रंगाला भेगा जातात. त्यामुळं बारा फुटी बांबूला गुंडाळलेला पडदा एस्टीच्या टपावर. कंडक्टरनं विचारलं, "त्येच्यात काय हाय?"

मी म्हटलं, "एक बाग, एक बाकडं आणि एक माणूस."

"माणूस टपावर चालत न्हाई," तो म्हणाला. "आत बसवा."

गाव गाठलं. धनाजीच्या घरापुढं दोन कडुलिंब होते, त्यांना बांबू बांधून पडदा सोडला. लख्ख उन्हात ती राखाडी बाग उभी राहिली आणि अर्धं गाव गोळा झालं. एक शेळी सरळ पडद्यातल्या वाटेनं जायला निघाली, नाक आपटून परत आली. धनाजी फौजी बनियनवर, हाताची घडी घालून, ओट्यावर उभा. डोळे टोपीवाल्यावर, सीमेवर असावेत तसे.

धनाजीची आजी काठी टेकत पुढं आली. टोपीवाल्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग अंगठा जिभेला लावला आणि त्याच्या नाकावरून खस्सकन फिरवला. अंगठा काळा झाला. साहेबाचं नाक गेलं.

आजीनं अंगठा सगळ्यांना दाखवला. "रंग हाय रं! नुसता रंग! मेल्यांनो, रंगाला भिऊन सोयरीक मोडाया निगालासा व्हय?"

हशा उसळला. धनाजीनं हाताची घडी सोडली. तात्यांनी पहिल्यांदाच पाणी मागितलं. सगळं जुळलं होतं, आणि तेवढ्यात आजी माझ्याकडं वळली.

"येक सांग, पोरी. येवढी मोठी बाग. हितं बाकडं हाय, तितं झाड हाय. पोरीला ह्येच्याच शेजारी का हुबं ऱ्हावं वाटलं? बाकी जागा न्हवती?"

सगळं अंगण माझ्याकडं बघायला लागलं. प्रश्न चोख होता. म्हातारीनं एका अंगठ्यात चित्र ओळखलं होतं आणि एका प्रश्नात पोरगी. मला उत्तर माहीत नव्हतं. मी तिथं नव्हतेच. "मला माहीत नाही" म्हणायला हवं होतं, आणि तेवढं म्हटलं असतं तर पुढचं वेगळं झालं असतं.

पण मी मान वर केली आणि म्हणाले, "मीच उभी केली तिला तिथं. चित्राची मांडणी असते, आजी. तिची काही चूक नाही."

झालं. मला नारळ मिळाला, खण मिळाला, वर शेंगांची पोळी. येताना मी एस्टीत बसून विचार करत होते की माझ्या मांडणीनं एका मुलीचं आयुष्य सावरलं. टपावर बिननाकाचा टोपीवाला.

घरी आल्यावर मी नाक काढायला बसले, तर अण्णांनी ब्रश काढून घेतला. "राहू दे तसाच. परत माणूस काढावासा वाटला तर त्याच्या तोंडाकडं बघ." तेव्हापासून मी शेकड्यानं बागा केल्या. एकीतही माणूस नाही.

पुढं रंगीत फोटो आले, मी हिरव्या बागा केल्या. मग छापील पडदे आले, त्यानंतर फोटोच मोबाईलमध्ये शिरला आणि स्टुडिओवाल्यांनी माझ्या बागा परत पाठवल्या. टोपीवाल्याची बाग बांबूला गुंडाळून आमच्या मागच्या खोलीत कोपऱ्यात उभी होती. एका महापुरात कृष्णेचं पाणी घरात शिरलं ते कमरेच्याही वर. बांबू उभा होता, म्हणून बागेची डावी बाजू पाण्यात भिजली. उलगडून बघितलं तर बाकडं, वाट, कुंडी सगळं धुऊन कोरं मादरपाट. उजवीकडं टोपीवाला, तसाच कोरडा, बिननाकाचा, कमरेवर हात ठेवून.

यंदा उन्हाळ्यात दारात रिक्षा थांबली. पिकल्या केसांची ठेंगणी बाई उतरली, मागं डोक्याला पांढरी टोपी घातलेले गृहस्थ.

"बाई, मला वळखलं का? मी टोपीवाल्याची."

नवऱ्यानं कपाळाला आठ्या घातल्या. म्हणजे ही शालन आणि तो धनाजीच. सुभेदार होऊन निवृत्त झालेला. मिरजेला दवाखान्यात डोळे तपासायला आले होते. बाबूरावांच्या नातवाकडून माझा पत्ता काढला होता. चहा झाला, भारतभरच्या छावण्यांची नावं झाली. मग सुभेदार अंगणात पेपर घेऊन बसले आणि शालननं खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"बाई, त्या दिशी बाबूराव म्हनलं, बाकड्यापाशी हुबी ऱ्हा. मी मान हलवली. त्येनी क्यामेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घातल्याव मी टोपीवाल्याकडं दोन पावलं सरकली."

"का गं?"

"मिरजंला नर्सिंगचा फॉर्म भरला व्हता मी. मास्तरनीनं भरून दिल्याला. लगीन ठरलं म्हनून तात्या सोडंनात. मला वाटलं, फोटोत बाप्या दिसला की माणातली मानसं आपनहून न्हाई म्हनतील. तात्यांवर बोल न्हाई, माज्यावर न्हाई. लय इचार केल्ता मी. आन म्हनलंसुदिक नव्हं तुमास्नी, ऱ्हाऊ द्या म्हनून?"

"म्हणालीस."

"मग? वर तितं जाऊन सांगितलंसा, मीच हुबी केली. आजेसासू मरंस्तवर मला तेच सांगायची. पेंटरबाईनं सांगितलं म्हनून घेतली तुला, न्हाईतर मला वेगळा वास आला व्हता. तुमी खोटं का बोललासा, बाई?"

इतक्या वर्षांत मला कुणी इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता. तुझ्यासाठी बोलले, असं म्हणता आलं असतं. पण वय झालं की खोटं बोलायलाही दम लागतो.

"ते मांडणीचं श्रेय मला पाहिजे होतं गं," मी म्हटलं.

ती अशी हसली, की अंगणात पेपर खाली आला. "तुमी बी अशाच व्हय! मला वाटायचं, लय थोर बाई."

"आणि संसार?"

"झ्याक झाला. मानूस चांगला हाय. न्हाई म्हनत न्हाई मी." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पर फॉर्म भरल्याला व्हता. बदलीच्या गावात दवाखाना दिसला, की मी नर्सांच्या टोप्या मोजायची. सवय लागली."

मग तिनं दंड सांगितला. पडदा असला तर काढा. त्या बाकड्यावर मला बसवा. नऊवारीत नको. नर्स करा.

आठ दिवस लागले. हात थरथरतो, म्हणून कोपराखाली उशी घेऊन रंगवलं. कोऱ्या मादरपाटावर आधी बाकडं पुन्हा उभं केलं. मग त्यावर ती, आता दारात दिसली तशी नव्हे, स्टुलावर बसलेली तेव्हाची. पांढरा गणवेश, डोक्यावर नर्सची टोपी, पायाशी छोटी बॅग. अण्णांचा नियम दुसऱ्यांदा मोडला, आणि या खेपेला सही केली नाही. तिच्या हातात शेंगांची पुडी मात्र दिली. तासगावच्या बाईंचं एक देणं राहिलं होतं.

सुभेदारांचा चष्मा घ्यायला दोघं पुन्हा आली. पडदा अंगणात दोरीवर सोडला. सुभेदारांनी चष्मा लावून नर्सकडं बघितलं. मग म्हणाले, "आन मी कुटं?"

"तुमी पडद्याच्या म्होरं हुबं ऱ्हावा," शालन मोबाईल काढत म्हणाली. "गिऱ्हाईक."

अण्णा गेल्याला इतकी वर्षं झाली. ते कुणाच्या तोंडून बोलतील सांगता येत नाही.

सुभेदार चालत गेले, आणि साहेबाच्या बरोबर पुढं, त्याला पुरता झाकून, सावधान उभे राहिले. मी म्हटलं, "सुभेदार, एक पाऊल बाजूला सरका. मागचा माणूस दिसत नाहीये."

"नसू द्या," ते म्हणाले. सरकले नाहीत.

फोटो निघाला. त्यात बाकड्यावर एक नर्स आहे आणि शेजारी एकच टोपीवाला, पांढऱ्या टोपीचा, नाक शाबूत असलेला.

रिक्षा आली. सुभेदार पुढं गेले. मी पडदा गुंडाळायला लागले, तर शालन म्हणाली, "थांबा, बाई." पुढं झाली. अंगठा जिभेला लावला आणि नर्सच्या गालावरून अगदी हलका, जपून फिरवला. अंगठा पांढरा झाला.

"रंगच हाय," ती म्हणाली.

मी फडकं पुढं केलं. तिनं घेतलं नाही. तो अंगठा तसाच मुठीत धरून ती रिक्षात बसली.